घोषणेचा मालक शोधणाऱ्यांनो, काका बाप्टिस्टांचे काम पाहा (दीर्घ थ्रेड)

१/
दरवर्षी १ ऑगस्ट जवळ आला की समाजमाध्यमांवर एक जुना खटला नव्याने उभा राहतो. स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क असल्याची घोषणा मूळची कोणाची? लोकमान्य टिळकांची, की माझगावच्या जोसेफ बाप्टिस्टांची? एक पक्ष म्हणतो, ख्रिस्ती माणसाचे श्रेय दडपले गेले. दुसरा पक्ष म्हणतो, हा लोकमान्यांना लहान करण्याचा डाव आहे. दोन दिवस चिखलफेक चालते आणि तिसऱ्या दिवशी सारे शांत होते. या गदारोळात बाप्टिस्टांनी आयुष्यभर केले काय, हे विचारायला मात्र कोणालाही सवड होत नाही. हा थ्रेड त्यासाठी आहे.

२/
आधी भूमिका स्पष्ट करू. या वादातले दोन्ही पक्ष बाप्टिस्टांवर सारखाच अन्याय करतात. एक त्यांना घोषणेपुरते उरवतो, दुसरा तेवढेही ठेवत नाही. टिळक आणि बाप्टिस्टा हे दीर्घकाळ एकत्र काम करणारे स्नेही होते. अशा दोघांच्या बोलण्यात जन्मलेल्या वाक्याचा सातबारा निघत नसतो. टिळकांनी ते वाक्य हजारोंच्या सभेत उच्चारले, त्यासाठी राजद्रोहाची जोखीम पत्करली आणि ते घरोघरी पोहोचवले. घोषणेच्या बाबतीत इतिहासाला एवढे पुरेसे आहे. बाप्टिस्टांचा खरा वारसा घोषणेत शोधायचाच नाही. तो त्यांच्या कार्यपद्धतीत आहे.

३/
ती कार्यपद्धती एका वाक्यात अशी सांगता येईल : शस्त्र न उचलता, पण हातही न जोडता, सत्तेला कायद्याच्या, संघटनेच्या आणि लोकमताच्या कोंडीत पकडायचे. आज ‘सनदशीर’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. सनदशीर म्हणजे अर्ज-विनंत्या करणारा, साहेबापुढे वाकणारा, जिवाला जपणारा, असे समीकरण ठरून गेले आहे. हे समीकरण इतिहासाच्या अज्ञानातून आलेले आहे आणि बाप्टिस्टांचे चरित्र त्याला उत्तम उत्तर देते.

४/
प्रथम माणूस. जन्म १७ मार्च १८६४, माझगावच्या म्हातारपाखाडीत. डॉकयार्ड रोड स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेली ही वाडी आजही लाकडी कठड्यांची, उतरत्या कौलांची काही घरे सांभाळून आहे. घराणे मूळचे भाईंदरजवळच्या उत्तनचे. शिक्षण माझगावच्या सेंट मेरीज शाळेत, मग पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि पुढे केंब्रिजमध्ये. तिथून बॅरिस्टर होऊन परतलेला हा माणूस मुंबईच्या लोकांचा ‘काका’ झाला.

५/
बाप्टिस्टा ईस्ट इंडियन समाजातले. नाव ऐकून गैरसमज होतो म्हणून सांगायला हवे, की हा समाज इथलाच आहे : मुंबई, साष्टी, वसई या पट्ट्यातला, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेला आणि घरात मराठीची बोली बोलणारा. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव अधिकृतपणे धारण केले. गोवा-मंगळूरकडून नोकऱ्यांसाठी आलेल्या ख्रिस्ती मंडळींहून आपण वेगळे, कंपनी सरकारचे इथले सर्वांत जुने प्रजाजन, हे ठसवण्याचा त्यामागे हेतू होता.

६/
या तपशिलातला विरोधाभास लक्षात घ्यावा. ज्या समाजाने राज्यकर्त्यांशी असलेले नाते आपल्या नावातच कोरून घेतले, त्याच समाजातला एक बॅरिस्टर तीस वर्षांच्या आत स्वराज्य मागणाऱ्या संघाचा अध्यक्ष झाला. सरकारदरबारी वजन मिळवून स्वस्थ बसण्याची सोय त्यांना होती. ज्यांना बाप्टिस्टा ‘साहेबाच्या धर्माचे’ म्हणून परके वाटतात, त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. आणि ज्यांना ते केवळ ‘आमच्या समाजाचे’ म्हणून हवे आहेत, त्यांनीही. समाजाच्या सोयीच्या पलीकडे गेल्यामुळेच ते मोठे झाले.

७/
आता तारीख पाहू : २८ एप्रिल १९१६, स्थळ बेळगाव. मुंबई प्रांतिक परिषदेच्या निमित्ताने जमलेल्या टिळकपक्षीयांनी होमरूल लीगची स्थापना केली. अध्यक्ष जोसेफ बाप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर. टिळकांनी स्वतःकडे कोणतेही पद घेतले नाही. अॅनी बेझंट यांची दुसरी लीग त्यानंतर सप्टेंबरमध्ये मद्रासला स्थापन झाली. म्हणजे स्वराज्याची मागणी संघटित स्वरूपात मांडणाऱ्या देशातल्या या पहिल्या लीगच्या अध्यक्षपदी माझगावचा एक ख्रिस्ती मराठी माणूस होता.

८/
त्याच आठवड्यात जगाच्या दुसऱ्या टोकाला काय घडत होते? २४ एप्रिल १९१६ रोजी डब्लिनमध्ये आयरिश बंडखोरांनी सशस्त्र उठाव केला होता. तो आठवड्याभरात मोडला गेला आणि मे महिन्याच्या आरंभापासून त्याचे नेते एकामागून एक गोळ्यांना बळी पडले. दोन्ही घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. तरी योगायोग बोलका आहे. बाप्टिस्टांच्या विचारावर ज्या आयर्लंडच्या होमरूल चळवळीचा प्रभाव होता, तिथला एक गट बंदुकीकडे वळला. इथे त्याच सुमारास त्याच नावाने एक सनदशीर संघ उभा राहिला.

९/
या ठिकाणी वीरवृत्तीचे चाहते म्हणतील : डब्लिनमध्ये हौतात्म्य, बेळगावात ठराव. हीच तर तक्रार आहे! या तक्रारीला उत्तर द्यायचे तर बेळगावच्या ठरावातून पुढे काय निघाले ते पाहावे लागेल. केवळ ठराव करून घरी जाण्याची पद्धत त्याआधी तीस वर्षे चालू होती. लीगने ती मोडली. गावोगाव व्याख्याने झाली, सभासद नोंदवले गेले, मराठीत सहा आणि इंग्रजीत दोन पुस्तिका काढण्यात आल्या आणि त्यांच्या ४७,००० प्रती विकल्या गेल्या. गुजराती आणि कन्नड पुस्तिकाही निघाल्या. एप्रिल १९१७ पर्यंत लीगचे १४,००० सभासद झाले होते.

१०/
आकडे नीरस असतात, पण शहाणपण अनेकदा त्यांच्यातच दडलेले असते. फुकट वाटलेले पत्रक रद्दीत जाते, विकत घेतलेली पुस्तिका वाचली जाते. सभेला आलेला माणूस टाळ्या वाजवून परततो, सभासद झालेल्या माणसाचे नाव नोंदवहीत राहते आणि त्याला पुन्हा बोलावता येते. पुढे गांधींच्या काळात काँग्रेसचे जे विराट संघटन उभे राहिले, त्यासाठी जमीन नांगरण्याचे काम दोन्ही होमरूल लीगांनी केले. नांगरणाऱ्याचे छायाचित्र कोणी काढत नाही, हा काही त्याचा दोष नव्हे.

११/
लीगच्या विभागणीतली एक गंमतही सांगण्यासारखी आहे. टिळकांच्या लीगकडे महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत आणि वऱ्हाड असे क्षेत्र आले. मुंबई शहर मात्र बेझंटबाईंच्या लीगकडे राहिले. म्हणजे माझगावचा अध्यक्ष ज्या संघाचे नेतृत्व करीत होता, त्या संघाच्या हद्दीत खुद्द माझगाव नव्हते. दोन लीग, दोन नेते, दोन हद्दी. तरी भांडण नाही. आज एका गल्लीत एका महापुरुषाच्या दोन जयंत्या साजऱ्या होतात आणि ध्वनिक्षेपकाच्या दिशेवरून पोलीस बोलवावे लागतात. शहाणपण म्हणतात ते याहून वेगळे असते.

१२/
कायद्याची वाट भित्र्यांची, हा आरोप आता तपासू. १९०८ मध्ये ‘केसरी’तील लेखांबद्दल टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला धाडण्यात आले. १९१६ मध्ये होमरूलसाठी बेळगाव आणि अहमदनगर येथे केलेल्या भाषणांवरून सरकारने पुन्हा कारवाई केली. नोटीस बजावली ती २३ जुलैला, त्यांच्या एकसष्टीच्या सोहळ्याच्या दिवशी. वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन, असा दंडाधिकाऱ्याचा हुकूम झाला.

१३/
या वेळी निकाल फिरला. उच्च न्यायालयात बॅरिस्टर जिनांनी बाजू मांडली आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी तो हुकूम रद्द केला. याचा अर्थ सर्वांना कळला : स्वराज्य मागणे हा गुन्हा नाही. आठ वर्षांपूर्वी ज्या माणसाला सहा वर्षे देशाबाहेर डांबले गेले, तोच माणूस आता त्याच सरकारच्या न्यायालयाचा निकाल हाती घेऊन गावोगाव तीच मागणी उजळ माथ्याने करू लागला. एका गोळीने एक अधिकारी पडतो, एका निकालाने लाखो लोकांची भीती कमी होते. यांतले कोणते शस्त्र सरकारला अधिक अडचणीचे, याचा विचार वाचकांनी करावा.

१४/
सनदशीर मार्ग धरणाऱ्यांना क्रांतिकारकांचा तिटकारा होता, असाही एक समज आहे. १९१० मध्ये विनायक दामोदर सावरकरांवर मुंबईत विशेष न्यायाधिकरणापुढे खटला चालला, तेव्हा त्यांच्या बचावासाठी उभे राहिलेल्या वकिलांत जोसेफ बाप्टिस्टा होते. आरोपीचा मार्ग आपला असावा लागत नाही. त्याला न्याय्य सुनावणी मिळावी एवढी निष्ठा वकिलाकडे असावी लागते. आज जे बाप्टिस्टांना ‘साहेबी’ म्हणून हिणवतात, त्यांनी हा प्रसंग विसरू नये. आणि जे सावरकरांचे नाव निघताच कानांवर हात ठेवतात, त्यांनीही.

१५/
यानंतरचे पाऊल कमी लोकांना ठाऊक आहे. १९१७ मध्ये बाप्टिस्टा लीगचे प्रतिनिधी म्हणून इंग्लंडला गेले. तिथे त्यांनी दार ठोठावले ते मजूर पक्षाचे. लॉर्डांच्या मेजवान्या झोडून हिंदुस्थानचे हित होईल, हा नेमस्तांचा जुना भ्रम त्यांना नव्हता. गिरणीत आणि खाणीत राबणाऱ्या इंग्रज मजुराला हिंदुस्थानची गुलामी परवडणारी नाही, हे त्याला पटवता येईल, या तर्कावर ती मोहीम उभी होती. शत्रूच्या घरातही आपले मित्र असू शकतात, हे ओळखणे हा राजकीय शहाणपणाचा पहिला धडा आहे.

१६/
हाच तर्क त्यांना मुंबईच्या मजुरांकडे घेऊन आला. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. पहिले अध्यक्ष लाला लजपतराय. संस्थापकांच्या फळीत बाप्टिस्टा होते आणि पुढच्याच वर्षी झारियाच्या कोळसाखाणींच्या मुलखात भरलेल्या दुसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. मालक आणि मजूर हे श्रमाचे खरेदीदार आणि विक्रेते नसून उद्योगातले भागीदार आहेत, अशी त्यांची मांडणी होती.

१७/
‘कायद्याचा गुलाम’ म्हणणाऱ्यांसाठी इथे एक तपशील. त्या काळी कामगार संघटनेला कायद्याचे संरक्षणच नव्हते. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या प्रकरणात बी. पी. वाडिया यांच्यासारख्या नेत्याला न्यायालयाच्या मनाईहुकमाला आणि नुकसानभरपाईच्या दाव्याला तोंड द्यावे लागले. संघटनांना मान्यता देणारा ट्रेड युनियन कायदा आला १९२६ मध्ये. म्हणजे बाप्टिस्टा आणि त्यांचे सहकारी कायद्याच्या छत्राबाहेर उभे राहून संघटना बांधत होते आणि आपल्या कामाने कायद्याला मागून यायला लावत होते. कायदा मानणे आणि कायदा घडवणे या दोन गोष्टी एकच माणूस करू शकतो.

१८/
आता या थ्रेडच्या मध्यवर्ती मुद्द्याकडे वळू. डिसेंबर १९१९ मध्ये अमृतसर काँग्रेसला जाताना टिळकांनी नव्या सुधारणांबाबत बादशहाला तार केली आणि तीत ‘प्रतियोगी सहकारिते’चे धोरण मांडले. सरकार जितके देईल तितक्या प्रमाणात सहकार्य. न देईल तिथे विरोध. हा शब्दप्रयोग बाप्टिस्टांनी सुचवला, असे मानले जाते. जन्मसिद्ध हक्काच्या घोषणेच्या मालकीवरून शिरा ताणणाऱ्यांपैकी किती जणांनी या दुसऱ्या शब्दप्रयोगाची विचारपूस केली आहे? एकाचीही पोस्ट दिसत नाही. कारण घोषणेवर टाळ्या पडतात, धोरणावर विचार करावा लागतो.

१९/
प्रतियोगी सहकारिता म्हणजे शरणागती नव्हे. ती प्रतिपक्षाच्या प्रत्येक कृतीला मोजून उत्तर देण्याची शिस्त आहे. आंधळा विरोध करणारा स्वतःच्या चालीचे स्वातंत्र्य गमावतो, कारण समोरचा जे करील त्याच्या उलटे करणे एवढेच त्याच्या हाती उरते. आंधळे सहकार्य करणारा तर ते गमावून बसलेलाच असतो. दोन्ही टाळून प्रत्येक वेळी नव्याने हिशेब मांडणे हे कष्टाचे काम आहे. त्यात नशा नाही, म्हणून अनुयायी कमी मिळतात.

२०/
प्रामाणिकपणे मान्य करायला हवे, की १९२० नंतर हा मार्ग मागे पडला. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. गांधींच्या असहकाराने शेतकरी, विद्यार्थी, स्त्रिया अशा लाखो लोकांना राजकारणात आणले. बॅरिस्टरांच्या संघटनांना ते कधी जमले नव्हते. बाप्टिस्टा असहकाराच्या वाटेने गेले नाहीत. कामगारांतही पुढे त्यांच्या भागीदारीच्या भाषेची पकड राहिली नाही. १९२८ च्या सहा महिन्यांच्या गिरणी संपात लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनने परळ-लालबाग व्यापले. केवळ सनदशीर मार्गाने स्वातंत्र्य मिळाले असते, असा दावा हा थ्रेड करीत नाही. तसा दावा खोटा ठरेल.

२१/
पण म्हणून तो मार्ग चुकला, असेही सिद्ध होत नाही. नोव्हेंबर १९२१ ची मुंबई आठवा. १७ तारखेला इंग्लंडचा युवराज अपोलो बंदरावर उतरला. त्याच दिवशी परळजवळच्या एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात गांधींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची होळी झाली. स्वागतावरचा बहिष्कार शांततेने पार पडेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात जमाव स्वागताला गेलेल्यांवर तुटून पडला. पारशी, ख्रिस्ती, ज्यू यांना मारहाण झाली, दारूची दुकाने जाळली गेली. दुसऱ्या दिवशी प्रतिहल्ले झाले. काही दिवसांत पन्नासहून अधिक माणसे मेली.

२२/
अहिंसेच्या जयघोषात हे घडले. चर्च, अग्यारी, मशीद आणि देऊळ हाकेच्या अंतरावर असलेल्या माझगाव-भायखळ्यासारख्या वस्तीसाठी याचा अर्थ काय होता, हे वेगळे सांगायला नको. स्वराज्य येणार असेल तर ते डोक्यावरची टोपी आणि अंगावरचा कोट पाहून माणसाला झोडपणार का? अल्पसंख्याकांच्या मनातला हा प्रश्न त्या आठवड्यात उघड झाला. बाप्टिस्टांसारखा माणूस लीगच्या अध्यक्षपदी असणे का मोलाचे होते, त्याचे उत्तरही या प्रश्नात आहे. ‘सर्वांचे स्वराज्य’ हे शब्द त्या निवडीने कृतीत उतरवले होते.

२३/
आणि इथेच गांधींचे शहाणपण दिसते. दंगलीचे खापर सरकारवर, गुंडांवर किंवा विरोधकांवर फोडणे सोपे होते. त्यांनी दोष स्वतःच्या चळवळीकडे घेतला. १९ नोव्हेंबरला उपवास सुरू केला आणि सर्व समाजांचे पुढारी एकत्र आल्यावर २२ तारखेला सोडला. बारडोलीचा नियोजित सामुदायिक कायदेभंग पुढे ढकलला. चौरीचौऱ्यानंतर १२ फेब्रुवारी १९२२ रोजी तर साऱ्या देशाचा रोष पत्करून चळवळच थांबवली. आपल्या शस्त्राने भलतेच कोणी कापले जात असेल तर ते म्यान करण्याची हिंमत फार थोड्या नेत्यांत असते.

२४/
गांधी आणि बाप्टिस्टा यांच्या वाटा वेगळ्या, प्रकृती वेगळ्या. तरी एका गोष्टीवर दोघे एका जागी उभे राहतात : साधन बिघडले तर साध्यही बिघडते, म्हणून साधनाचा हिशेब रोज मांडला पाहिजे. उपवास सुटल्यानंतर आठवडाभराने, ३० नोव्हेंबरला, झारियाचे अधिवेशन सुरू झाले आणि त्याच्या अध्यक्षस्थानी बाप्टिस्टा होते. मुंबईत स्वराज्याच्या नावाने डोकी फुटली होती, त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईचा एक ख्रिस्ती पुढारी देशभरच्या मजुरांना संघटनेची वाट सांगत होता.

२५/
पुढे काय झाले? १९२३ च्या आरंभी चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरूंनी स्वराज्य पक्ष काढून कायदेमंडळाची वाट धरली. डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले ते बेळगावला. गांधींनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन. तिथे कायदेमंडळात जाणाऱ्यांशी झालेल्या समझोत्यावर शिक्कामोर्तब झाले. ज्या गावात १९१६ मध्ये बाप्टिस्टांची लीग जन्मली, त्याच गावात आठ वर्षांनी असहकाराच्या नेत्याने विधिमंडळाच्या वाटेला जागा करून दिली. १९३७ मध्ये बाळ गंगाधर खेर मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले, तेही निवडणूक लढवून.

२६/
म्हणून ‘टिळक की गांधी’, ‘सनदशीर की सत्याग्रह’ असे सामने लावणे हा इतिहासाचा पोरखेळ आहे. स्वातंत्र्यलढा एका पायावर चालला नाही. रस्त्यावरच्या चळवळीने सत्तेची भीती घालवली. न्यायालय, नगरपालिका, कामगार संघटना आणि विधिमंडळ यांतल्या कामाने सत्ता चालवायची कशी हे शिकवले. स्वातंत्र्य मिळाल्यावर ज्या देशांकडे यांतला दुसरा पाय नव्हता, त्यांपैकी अनेकांत लष्कराने सत्ता घेतली. आपल्याकडे घेतली नाही. याचे थोडे श्रेय नीरस वाटणाऱ्या या माणसांना द्यायला हरकत नसावी.

२७/
बाप्टिस्टांनी तो दुसरा पाय शेवटपर्यंत वापरला. अनेक वर्षे नगरसेवक राहिलेले काका १९२५-२६ मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. आजच्या भाषेत महापौर. ते पदनाम १९३१ मध्ये आले. साम्राज्याला स्वराज्य मागणारा माणूस शहराच्या नळ-गटार-रस्त्यांच्या चर्चेत रमला, याचे हसू येणाऱ्यांनी थोडे थांबावे. स्वराज्याची पहिली परीक्षा नळाला येणाऱ्या पाण्यातच होते. १९३० मध्ये काकांचे निधन झाले. शिवडीच्या दफनभूमीत ते विसावले.

२८/
माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर आज त्यांच्या नावाचे उद्यान आहे. जिथे एकेकाळी माझगावचा किल्ला होता आणि १६८९-९० मध्ये सिद्दी याकूतखानाने तळ ठोकला होता, तीच ही जागा. बागेखाली जलाशय आहे. समोर गोदीतल्या याऱ्या आणि बंदराचे पाणी दिसते. सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांना बाप्टिस्टा कोण हे सांगता येत नाही. त्यांना दोष देता येणार नाही, कारण शालेय पुस्तकांत या माणसाला फार तर एका ओळीची जागा मिळते आणि समाजमाध्यमांवर एका भांडणाची.

२९/
म्हणून यंदा १ ऑगस्टला पुन्हा तो खटला उभा राहील, तेव्हा दोन्ही पक्षांना एक साधा प्रश्न विचारावा. घोषणा तुमचीच, मान्य. मग तिच्यामागचे काम कोणाचे? सभासद कोण नोंदवणार? न्यायालयात कोण उभे राहणार? आपल्याहून वेगळ्या धर्माच्या माणसाला अध्यक्ष करण्याएवढे मन कोणाचे आहे? आणि आपल्या जमावाने चूक केली तर ती आपली म्हणून कोण कबूल करणार? पहिल्या तिन्हींची उत्तरे देता देता काकांचे आयुष्य गेले. चौथे उत्तर १९१६ मध्ये टिळकांनी दिले, पाचवे १९२१ मध्ये गांधींनी.

३०/
म्हातारपाखाडीतल्या त्या घरांकडे बांधकाम व्यावसायिकांचे लक्ष गेलेलेच आहे. घरे टिकतील की नाही, हे वारसा-याद्या, न्यायालये आणि रहिवाशांची एकजूट ठरवतील. म्हणजे पुन्हा तीच सनदशीर, कंटाळवाणी, चिकाटीची वाट. ज्यांना बाप्टिस्टांच्या नावाने खरोखर काही करायचे आहे, त्यांनी घोषणेचा मालक शोधण्याऐवजी तिथल्या एखाद्या सभेला जाऊन बसावे. सभासद-नोंदणीचा कागद पुढे आला, तर त्यावर नाव लिहावे. काकांनी बेळगावात सुरुवात तशीच केली होती.

(थ्रेड समाप्त)